चुन्याचा अंगरखा : जुन्या गोव्यातील एका आवाराचा इतिहास

दर दहा वर्षांनी गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा भरतो, आणि वसई, ठाणे, मुंबई येथील धर्मग्रामांतून भाविकांचे जथे जुन्या गोव्याकडे निघतात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात झालेल्या सोहळ्यातही तसेच घडले. बॉम जीझस बासिलिकामधून अवशेषांची पेटी समारंभपूर्वक बाहेर निघते, रस्ता ओलांडते आणि समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवली जाते. ह्या थोड्याशा वाटेवर भाविकांचे डोळे पेटीवर खिळलेले असतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ती वाट दोन अगदी वेगळ्या भिंतींमधून जाते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मागे राहते ती तांबडी, खडबडीत, उघड्या दगडाची भिंत. पुढे दिसते ती पांढरी, गुळगुळीत, चुन्याने माखलेली भिंत. दोन्ही देवळे एकाच नगरातली, एकाच काळात बांधकाम चाललेली आणि एकाच जातीच्या दगडाची. मग एक तांबडे आणि दुसरे पांढरे का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधू गेल्यास त्या नगरीचा सुमारे साडेचारशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. तो इतिहास आपण बहुधा संतांच्या, व्हाइसरॉयांच्या आणि लढायांच्या नावांनी वाचतो. येथे तो दगड, चुना आणि छप्पर ह्यांच्या साक्षीने वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

एका आवारातील तीन देवळे

मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर, एकेकाळच्या गजबजलेल्या नगराच्या मध्यभागी, आज हिरवळीने वेढलेले एक मोठे आवार आहे. त्यात पूर्वेकडे तोंड करून से कॅथेड्रल उभे आहे. त्याच्या पाठीमागे, पश्चिमेकडे तोंड करून, असिसीच्या संत फ्रान्सिसचे देऊळ व त्याला जोडून फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ आहे. ह्या दोहोंच्या दरम्यान जुना आर्चबिशपवाडा येतो. त्याहून पश्चिमेला, उताराकडे, संत कॅथरीनचे लहानसे चॅपेल आहे. रस्त्यापलीकडे, दक्षिणेला, येशूसंघीयांचे बॉम जीझस आणि त्याला लागून असलेले त्यांचे मठगृह. एका दृष्टिक्षेपात मावतील एवढ्या ह्या इमारती आहेत. परंतु त्या एका हाताने, एका हेतूने किंवा एका वेळी बांधलेल्या नाहीत. त्यांची ओळख करून घ्यायची तर सर्वांत धाकट्या दिसणाऱ्या चॅपेलपासून सुरुवात करावी लागते, कारण वयाचा मान त्याचा आहे.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकर्क ह्याने विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर जिंकले. त्याच वर्षी, ज्या वेशीतून तो आत शिरला त्या वेशीजवळ त्याने संत कॅथरीनच्या नावाने माती व गवताचे एक साधे चॅपेल उभारले. १५३४ साली गोव्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला तेव्हा ह्याच छोट्या देवळाला कॅथेड्रलचा मान लाभला. १५५० साली गव्हर्नर जॉर्ज काब्राल ह्याने ते नव्याने बांधविले. तसा शिलालेख त्याने तेथे बसविला आणि वेशीची जागा हीच, असे त्यात नमूद केले. आज आपण पाहतो ती वास्तू मात्र बरीचशी १९५२ सालच्या पुनर्बांधणीची आहे. म्हणजे १५१० चे स्मारक, १५५० चा शिलालेख आणि १९५२ च्या भिंती असा हा त्रिवेणी संगम आहे. जुन्या वास्तूचे वय सांगताना किती सावध असावे लागते, ह्याचा हा पहिला धडा.

फ्रान्सिस्कनांचा दरवाजा

१५१७ साली आठ फ्रान्सिस्कन संन्यासी गोव्यात आले. त्यांना राहण्यासाठी काही घरे मिळाली आणि १५२१ च्या सुमारास त्यांनी आपले देऊळ बांधले. पुढे ते जुने देऊळ उतरवून १६६१ साली त्याच जागी आजचे मोठे देऊळ उभारण्यात आले. परंतु नवे बांधताना त्यांनी जुन्याचा दरवाजा टाकून दिला नाही. काळ्या दगडात कोरलेले ते प्रवेशद्वार नव्या दर्शनी भिंतीत तसेच बसविले.

हा दरवाजा थांबून पाहण्यासारखा आहे. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल (राज्यकाल १४९५ ते १५२१) ह्याच्या काळात जी कोरीव, अलंकृत शैली प्रचलित झाली तिला त्याच्याच नावाने मानुएलीन शैली म्हणतात. दोरखंडासारखे पीळ, राजमुकुट, क्रूस आणि आकाशगोलाची कडी ही तिची खूण. समुद्रसफरींच्या उमेदीचा तो काळ होता. त्या दरवाजाभोवतीची उरलेली भिंत मात्र दीड शतकानंतरची, साध्या टस्कन वळणाची, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे असलेली आहे. एकाच भिंतीत दोन शतके शेजारी शेजारी उभी आहेत.

आत पाऊल ठेवले की जमिनीवर गतकाळातील धनिकांच्या थडग्यांच्या शिळा दिसतात. त्यांवर घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. वेदीकडील भिंतींवर संत फ्रान्सिसच्या चरित्रातील प्रसंग लाकडी फळ्यांवर रंगविलेले आहेत, आणि सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी कोरीव वेदी सगळ्याला व्यापून उरते. ह्या मंदिरांतील बहुतेक सुतारकाम, कोरीवकाम व मुलामा येथल्याच कारागिरांच्या हातचा आहे. नमुने युरोपातून आले. हात गोव्याचे होते. संत झेवियरांची १६३६ ते १६३७ मध्ये घडविलेली चांदीची पेटीही गोव्यातील सोनारांचीच करामत आहे. फुले, पाने, चेहऱ्यांची ठेवण ह्यांत ते हात ओळखू येतात.

राजाचे कॅथेड्रल

संत कॅथरीनचे चॅपेल धर्मप्रांताला पुरेना, तेव्हा नवे कॅथेड्रल बांधण्याचे ठरले. राजा सेबास्त्यानच्या कारकीर्दीत, १५६२ साली, राजकोशाच्या खर्चाने हे काम सुरू झाले. ते संपण्याची घाई कोणालाच नसावी असे तारखांवरून वाटते. मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली, अभिषेक १६४० मध्ये झाला आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. नव्वद वर्षे! ज्यांनी पायाचे दगड बसविले त्यांच्या नातवंडांनीही ते पूर्ण झालेले पाहिले नसेल.

लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट आणि दर्शनी भिंतीची उंची ११५ फूट, अशी त्याची भव्यता आहे. बाहेरून टस्कन, आतून कोरिंथियन असे त्याचे रूप. बाहेर नक्षी जवळजवळ नाही; सपाट पांढरी पाटी, त्यावर मोजक्या ठळक रेषा. त्याच शतकात पोर्तुगालमध्ये लैरिया आणि पोर्तालेग्रे येथे जी कॅथेड्रले झाली, त्यांच्याशी ह्याचे नाते जाणकार सांगतात. मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या जीवनातील व हौतात्म्यातील दृश्ये सोनेरी चौकटींत कोरलेली आहेत. म्हणजे पहिल्या चॅपेलची संत नव्या घरातही यजमानीण म्हणून राहिली.

दर्शनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी दोन मनोरे होते. १७७६ साली वीज पडून त्यांतील एक कोसळला. तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. त्या वेळी नगराचे वैभव ओसरलेले होते. आज हा एकांगी चेहरा आपल्या परिचयाचा झाला आहे. दुसरा मनोरा असता तर कदाचित आपल्याला ते से कॅथेड्रल वाटलेच नसते. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी, 'सोनेरी घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे.

ह्या आवाराविषयी लिहिताना एका रिकाम्या जागेचाही उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे होईल. कॅथेड्रलजवळच्या चौकात इन्क्विझिशनचा वाडा होता. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडता, ते न्यायासन गोव्यात चालू राहिले. एकोणिसाव्या शतकात तो वाडा पाडण्यात आला आणि आज त्याची वीटही दिसत नाही. उभ्या इमारती आपल्याला जे सांगतात तेवढाच इतिहास नसतो. नाहीशा झालेल्या इमारतींचाही इतिहास असतो, आणि श्रद्धावंताने तो झाकू नये.

जांभा, चुना आणि वसईचा दगड

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. ही सारी देवळे बांधली ती जांभ्याने. कोकणातून गोव्यात जाणाऱ्याला जांभा परका नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की टणक होतो. लोहयुक्त असल्यामुळे तो तांबडा दिसतो. तो स्वस्त, मुबलक आणि हाताशी असलेला दगड. परंतु त्याच्यात एक मोठा दोष आहे. तो सच्छिद्र असतो. त्याच्या पोटात मातीचे मऊ कप्पे असतात. पावसाच्या माऱ्याने ती माती झिरपून जाते आणि दगड जाळीदार होतो. मग पाणी आत शिरते, शेवाळ धरते, वडपिंपळाची रोपे मूळ धरतात. गोव्यासारख्या प्रदेशात, जेथे चार महिने पाऊस कोसळतो, तेथे उघडा जांभा फार काळ टिकत नाही.

हे त्या काळच्या गवंड्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून भिंत जांभ्याची आणि वरून जाड गिलावा चुन्याचा, ही तेथील बांधकामाची रीतच ठरली. समुद्र आणि खाड्या जवळ असल्यामुळे शिंपले जाळून चुना करता येई. गिलाव्यावर दर वर्षी किंवा एक वर्षाआड चुन्याचा हात फिरे. चुना हा नुसता रंग नाही. तो भिंतीला पाण्यापासून राखतो आणि आतली ओल बाहेरही जाऊ देतो. पांढरेशुभ्र देऊळ हे गोव्याचे जे चित्र आपल्या मनात आहे, त्याच्या मुळाशी सौंदर्यदृष्टी तर आहेच, पण पावसाशी केलेला करारही आहे. चुना हा ह्या देवळांचा अंगरखा होता आणि तो वेळच्या वेळी बदलणे हा देवळाच्या सेवेचाच भाग होता.

जांभ्याचा दुसरा दोष असा, की त्यात नाजूक कोरीवकाम होत नाही. कड धरत नाही, नक्षी ठिसूळ होते. तेव्हा दर्शनी भिंतीचे खांब, कमानी, चौकटी ह्यांसाठी काळा कठीण दगड हवा होता. तो कोठून आणला? येथे वसईकर वाचकांची मान अभिमानाने उंचावेल. बॉम जीझसच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव काम ज्या काळ्या बेसॉल्ट दगडात आहे, तो दगड वसईहून जहाजांनी गोव्यास नेला होता.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि पुढील दोन शतके ती उत्तरेकडील प्रांताची राजधानी राहिली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा सर्वांचीच देवळे होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यानंतर ती ओसाड पडली आणि आज त्यांचे भग्न सांगाडे किल्ल्यात उभे आहेत. आपल्या किल्ल्यातील देवळांची छपरे गेली, पण वसईच्या भूमीतील दगड बॉम जीझसच्या भिंतीवर आजही 'आय एच एस' ह्या येशूच्या नावाच्या अक्षरांच्या सान्निध्यात उभा आहे. संत झेवियरांच्या दर्शनाला जाणाऱ्या वसईच्या भाविकाने त्या काळ्या खांबांवरून एकदा हात फिरवून पाहावा. तो आपल्या घरच्या दगडावरून फिरेल.

बॉम जीझसचे बांधकाम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झाले आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मिनेझिश ह्यांनी त्याचा अभिषेक केला. सेच्या नव्वद वर्षांपुढे हे काम साडेदहा वर्षांत झाले. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो ह्याने पाठविलेले, शिल्पकार फोजिनी ह्याने घडविलेले संगमरवरी स्मारक १६९८ साली संतांच्या अवशेषांसाठी येथे बसविण्यात आले. आणि हे देऊळही, त्या नगरातील इतर सर्व देवळांप्रमाणे, चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले होते. काळ्या खांबांचे उठाव मधल्या पांढऱ्या पृष्ठभागांवर स्पष्ट दिसावेत, अशीच त्या दर्शनी भिंतीची रचना आहे.

ओसाड पडलेले नगर

एवढे वैभव मग ओसरले कसे? रोगराईने. सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनच साथी येऊ लागल्या. दाट वस्ती, सखल जमीन, दूषित विहिरी ह्यांमुळे पटकी आणि हिवताप ह्यांनी नगर पोखरले. डच आरमाराने समुद्रावरील व्यापार हिरावला. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने राजधानीच धोक्यात आणली, आणि ती मुरगावला हलविण्याची योजना निघाली. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या वाटेवरील पानेली येथे राहण्यास गेला, १७५९ मध्ये पणजीस. आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या गोव्यातील रिकामी घरे पाडून त्यांचे दगड नव्या राजधानीच्या कामाला नेण्यात आले. नगर नाहीसे झाले. देवळे तेवढी राहिली.

तीही सगळी राहिली नाहीत. १८३५ साली सरकारी हुकुमाने गोव्यातील संन्याशांचे मठ बंद करण्यात आले. ह्या हुकुमाचा परिणाम पाहायचा असेल तर पश्चिमेच्या टेकडीवर जावे. तेथे ऑगस्टिनियनांचे संत ऑगस्टिनचे प्रचंड देऊळ १६०२ साली पूर्ण झाले होते. त्याचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये संन्यासी गेले. छपराची डागडुजी करणारे कोणी उरले नाही. १८४२ मध्ये मधली कमानी छताची वास्तू कोसळली. १८७१ मध्ये तेथील मोठी घंटा पणजीच्या निष्कलंक मातेच्या देवळात नेण्यात आली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत व अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी भाग. दोनशे तेहतीस वर्षे उभे राहिलेले देऊळ, माणसाचा हात निघताच, सात वर्षांत बिनछपराचे झाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची आपली देवळे मात्र वाचली. कॅथेड्रल धर्मप्रांताचे असल्यामुळे तेथे उपासना अखंड चालू राहिली. १७५९ साली येशूसंघीयांची हकालपट्टी झाली, तरी बॉम जीझसमध्ये संत होते आणि संतांकडे येणारे लोक होते. त्यामुळे त्या देवळाचा दिवा विझला नाही. मठ सुटल्यावरही संत फ्रान्सिसचे देऊळ टिकले, आणि १९६४ पासून त्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. वास्तू टिकते ती तिच्या भिंतींच्या जाडीने नव्हे. तिच्यात कोणी राहते, प्रार्थना करते, गळके कौल बदलते, म्हणून टिकते.

अंगरखा उतरविला तो दिवस

ह्या पार्श्वभूमीवर १९५० च्या दशकातील एका निर्णयाकडे पाहिले पाहिजे. भारत स्वतंत्र झाला होता. गोव्यावरील आपला हक्क ऐतिहासिक आहे, असे जगाला दाखविण्याची पोर्तुगालच्या सालाझार राजवटीला निकड वाटत होती. १९५२ हे संत झेवियरांच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष होते आणि त्या निमित्ताने मोठा दर्शनसोहळा भरणार होता. जुन्या गोव्याला स्मारकनगरीचे रूप देण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याच काळात संत कॅथरीनचे चॅपेल पुन्हा बांधले गेले (१९५२) आणि १५९९ ची व्हाइसरॉयांची कमान नव्याने उभारण्यात आली (१९५४).

ह्या कामासाठी पोर्तुगालहून बाल्ताझार काश्त्रु हे वास्तुविशारद आले. पोर्तुगालमधील मध्ययुगीन देवळांवरचे नंतरचे थर खरवडून मूळ दगड उघडा करण्याची तेथे तेव्हा चाल होती. उघडा दगड म्हणजे प्राचीनता, अशी ती अभिरुची होती. हीच दृष्टी गोव्यात लागू करण्यात आली आणि बॉम जीझसचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. आतला जांभा उघडा पडला. पाहणाऱ्याला वाटू लागले की हाच देवळाचा खरा, जुना चेहरा.

पोर्तुगालमधील ग्रॅनाइट उघडा राहू शकतो. गोव्याचा जांभा राहू शकत नाही. शिवाय, जो गिलावा 'नंतरचा थर' म्हणून काढला तो नंतरचा नव्हताच; तो पहिल्या दिवसापासून त्या वास्तूचा भाग होता. पोस्टकार्डांवर, दिनदर्शिकांवर, आपल्या घरांतील फोटोंमध्ये जो तांबडा बॉम जीझस आपण 'चारशे वर्षांचा' म्हणून पाहतो, त्याचा तो रंग फार तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे.

त्यानंतर प्रत्येक पावसाळा त्या भिंतींवर थेट कोसळत आला आहे. दगडाला खड्डे पडले आहेत, सांधे पोकळ झाले आहेत, ओल आतपर्यंत झिरपते. गेल्या काही वर्षांत देवळाची देखभाल करणाऱ्या धर्मगुरूंनी आणि वास्तुतज्ज्ञांनी हा धोका उघडपणे मांडला आहे, आणि भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा करावा अशी मागणी पुढे आली आहे.

ह्या मागणीला विरोध करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. लोकांना तांबडे रूप प्रिय झाले आहे. तेच देवळाची ओळख बनले आहे. १९८६ साली गोव्याची देवळे व मठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, तेव्हा बॉम जीझस उघड्या दगडाचेच होते. इतिहासात जे घडले ते घडले. १९५० च्या दशकातील बदल हाही इतिहासच, तो पुसू नये, असेही म्हणता येईल. से कॅथेड्रलचा पडलेला मनोरा आपण पुन्हा बांधत नाही, मग पडलेला गिलावा पुन्हा का करावा?

उत्तर त्या दोहोंच्या फरकात आहे. मनोरा नसला तरी उरलेले कॅथेड्रल सुरक्षित आहे. गिलावा नसल्याने उरलेले देऊळ रोज झिजते आहे. पहिली उणीव ही एक जखमेची खूण आहे. दुसरी उणीव ही वाहती जखम आहे. आणि डोळ्यांना झालेली सवय हा वास्तूला जपण्याचा निकष होऊ शकत नाही. रस्त्यापलीकडचे कॅथेड्रल अंगरखा घालून उभे आहे. बॉम जीझसच्या भिंतींची आजची अवस्था त्याच्या शेजारी उभे राहून पाहावी.

आपल्या धर्मग्रामांसाठी

हा प्रश्न केवळ गोव्याचा असता तर त्याचा निर्णय पुरातत्त्व खात्यावर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु वसईपासून कोकणापर्यंत आपल्या अनेक धर्मग्रामांत जुनी देवळे, जुने क्रूस, जुनी धर्मगुरूंची निवासस्थाने आहेत. त्यांच्या बाबतीत आपणही दोन टोकांना जातो. एक तर 'जुने झाले' म्हणून पाडून नवे बांधतो; नाही तर 'जुने दिसावे' म्हणून गिलावा खरवडून दगड उघडा करतो. तिसरी चूक सर्वांत सामान्य आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तेलकट रंग चढवितो. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. भिंतीत शिरलेले पाणी आत कोंडते, फुगवटे येतात, दगड आतून कुजतो, आणि मग 'इमारत जीर्ण झाली' असा अहवाल येतो.

जुन्या गोव्याच्या त्या आवाराने आपल्याला काही गोष्टी शिकविल्या आहेत. फ्रान्सिस्कनांनी नवे देऊळ बांधताना जुना दरवाजा राखला. संत कॅथरीनच्या चॅपेलने आपला शिलालेख राखला, भिंती बदलल्या तरी. ऑगस्टिनियनांच्या देवळाने दाखवून दिले की नासाडीची सुरुवात छपरापासून होते. आणि बॉम जीझस सांगते की चांगल्या हेतूने, सौंदर्याच्या कल्पनेने, सणाच्या तयारीत केलेला बदलही वास्तूला पिढ्यान्‌पिढ्या भोवू शकतो.

तेव्हा आपल्या धर्मग्राम परिषदांनी जुन्या देवळाच्या दुरुस्तीचा ठराव करण्यापूर्वी थोडी चौकशी करावी. भिंत कशाची आहे, मूळ गिलावा कशाचा होता, कोणता भाग केव्हा बदलला, ह्याची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरात आहे का? नसल्यास वृद्धांना विचारून ती करून ठेवावी. काम सुरू होण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आज कमी झाले आहेत, पण संपलेले नाहीत. त्यांना शोधून एखाद्या तरुणाला त्यांच्या हाताखाली शिकू द्यावे. जयंती महोत्सवाच्या रंगरंगोटीला जेवढा निधी जमतो, त्यातला थोडा भाग दर पावसाळ्यापूर्वी कौले तपासण्यासाठी बाजूला ठेवावा. ह्या कामाचा गाजावाजा होत नाही, त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. से कॅथेड्रल मात्र अशाच नाव नसलेल्या हातांनी उभे राखले आहे.

संत झेवियरांच्या पुढील दर्शनसोहळ्यापर्यंत बॉम जीझसच्या भिंतींवर आणखी कितीतरी पावसाळे कोसळतील. त्या वेळी तेथे जाणाऱ्या आपल्या मुलांना वसईच्या काळ्या दगडाचे खांब पांढऱ्या गिलाव्याच्या कोंदणात पाहायला मिळावेत. तोवर आपल्या गावच्या देवळाच्या भिंतीकडे लक्ष ठेवणे आपल्या हाती आहे.